विंडोज ११ : बसवलेली घडी प्रत्येक अपडेटनंतर विस्कटत असेल तर

विंडोज ११ संबंधीची जी तक्रार वर्ष उलटले तरी थांबत नाही, ती पहिल्या दिवसाची नसते. पहिल्या दिवशी स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी सरकलेले दिसते, राइट-क्लिक केल्यावर ओळखीची यादी उघडत नाही, ‘ऑल अ‍ॅप्स’ कुठे गेले ते शोधावे लागते. या सगळ्याचा वैताग येतो आणि पंधरा दिवसांत हाताला वळण लागले की ओसरतो. चिकट तक्रार वेगळीच असते. एक अख्खी संध्याकाळ घालवून सगळे मनासारखे लावून घ्यावे, आणि काही आठवड्यांनी सकाळी संगणक सुरू करून पाहावे तो ब्राउझर बदललेला, डेस्कटॉपवरच्या फायली दुसऱ्याच फोल्डरात गेलेल्या, प्रिंट भलत्याच प्रिंटरकडे निघालेली आणि टास्कबारवर न मागितलेले चिन्ह येऊन बसलेले. पुन्हा सगळे लावावे, पुन्हा तेच व्हावे. प्रस्तुत लेखात या एकाच समस्येचे निवारण मांडले आहे.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली ही प्रणाली पुष्कळांनी हौसेने स्वीकारलेली नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला म्हणून स्थलांतर करावे लागले, आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) तसेच ठरावीक पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अशी अट असल्यामुळे कित्येकांना त्यासाठी संगणकच नवा घ्यावा लागला. नाइलाजाने आलेल्या माणसाला प्रत्येक बदल मुद्दाम केलेला वाटतो, आणि काही बदलांच्या बाबतीत त्याचे म्हणणे चूकही नसते. तरीही ‘हे सगळे अपडेटच करते’ हे निदान बहुतेक वेळा अपुरे ठरते. घडी मोडणारी कारणे पाच-सहा आहेत, ती वेगवेगळ्या वेळी काम करतात, आणि त्यांतले एक कारण तर असे आहे की त्याचे बटण घाईघाईत आपणच दाबलेले असते.

आधी बिघाडाचे वेळापत्रक पाहावे

म्हणून सेटिंग्ज उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: घडी नेमकी केव्हा मोडते? विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात आणि मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. बदल त्या दिवसांच्या आगेमागे होत असेल तर संशय अपडेटवर घ्यावा. प्रत्येक वेळी साइन-इन केल्यावर सगळे मूळ पदावर येत असेल, तर अपडेटचा काही संबंध नाही. आपल्या खात्याचे प्रोफाइल (त्याच्या फायली व सेटिंग्जचा संच) नीट उघडत नाही आणि विंडोज तात्पुरते प्रोफाइल देऊन वेळ मारून नेत आहे, असे समजावे. त्या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये केलेले सर्व काही साइन-आउटबरोबर पुसले जाते, त्यामुळे तिथे सेटिंग्ज लावत बसणे व्यर्थ आहे आणि फायली साठवणे तर धोक्याचेच आहे. ‘यूझर्स’ फोल्डरात ‘टेम्प’ नावाने सुरू होणारे फोल्डर दिसले की खात्री पटते. कार्यालयाने दिलेल्या संगणकावर लावलेली गोष्ट तास-दोन तासांत परत फिरत असेल, तर ती कार्यालयाच्या धोरणामुळे. अशी धोरणे साधारण नव्वद मिनिटांनी आपोआप पुन्हा लागू होतात आणि सेटिंग्जच्या पानावर ती संस्थेने नियंत्रित केल्याची ओळही दिसते. तेथे वाद विंडोजशी घालून उपयोग नाही, संगणक विभागाकडेच जावे लागते.

वेळापत्रक आठवत नसेल तर विंडोजने ते लिहून ठेवलेले असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय येतो. व्हिस्टाच्या काळापासून असलेले हे साधन आजही तितकेच दुर्लक्षित आहे. त्यात प्रत्येक दिवसाचा एक उभा रकाना असतो आणि त्या दिवशी कोणते अपडेट बसले, कोणता ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) बदलला, कोणता प्रोग्रॅम नव्याने आला किंवा कोसळला याच्या नोंदी त्यात सापडतात. ज्या दिवशी घडी मोडली त्या दिवसाच्या रकान्यावर क्लिक करावे. कित्येकदा असे आढळते की त्या दिवशी विंडोजचे अपडेट आलेलेच नव्हते. एखाद्या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतःची नवी आवृत्ती बसवली होती.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केले म्हणजे प्रणाली कोरी सुरू झाली असे आपण धरून चालतो, पण विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ मुळे तसे होत नाही. शट डाउन करताना वापरकर्त्याचे काम बंद होते, मात्र प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून सुरुवात होते. परिणामी अडकलेला ड्रायव्हर दहा वेळा शट डाउन करूनही अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून पुढे सांगितलेला कोणताही उपाय केल्यानंतर रीस्टार्टच करावे, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करावे.

दोन संगणकांची आवृत्ती एकच असताना एकावर नवीन गोष्ट दिसते आणि दुसऱ्यावर नाही, यानेही लोक बुचकळ्यात पडतात. त्यात बिघाड नाही. नवीन सोयी अपडेटमधून सर्वांपर्यंत पोहोचतात, पण त्या चालू मात्र टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळ्या दिवशी केल्या जातात. त्यामुळे अपडेट न बसताही एखाद्या सकाळी स्टार्ट मेनू वेगळा दिसू शकतो. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नवी अपडेट्स उपलब्ध होताच मिळवण्याचे जे बटण आहे ते बंद ठेवावे, त्याने सुरक्षा दुरुस्त्या थांबत नाहीत, फक्त नवलाई जरा उशिरा येते, आणि ज्याला स्थैर्य हवे आहे त्याला ती उशिरा आलेलीच बरी.

निळ्या बटणाचा पडदा

आता त्या कारणाकडे येऊ, ज्याचे बटण आपणच दाबतो. मोठ्या अपडेटनंतर, आणि कधी कधी अध्येमध्येही, साइन-इन करताच पूर्ण पडदा व्यापणारे एक पान येते. संगणकाची मांडणी पूर्ण करू या, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक असते. त्यावर पुढे जाण्याचे ठळक निळे बटण असते, आणि शेजारी तीन दिवसांनी आठवण करून देण्याचा पर्याय असतो. कामाच्या घाईत माणूस निळे बटण दाबतो आणि पुढच्या दोन-तीन पानांवरही तेच करतो. त्या पानांपैकी एकावर शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज स्वीकारावीत असे सुचवलेले असते आणि दुसऱ्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स या फोल्डरांचा वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यावर, बॅकअप घ्यावा असे. ‘अपडेटने माझा ब्राउझर बदलला’ आणि ‘अपडेटने माझ्या फायली हलवल्या’ या दोन मोठ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच पडद्यात असते. तीन दिवसांचा पर्याय निवडणाऱ्याची सुटकाही तीन दिवसांपुरतीच, आणि चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळून हात निळ्या बटणाकडे जातोच. संमती घेण्याची ही पद्धत मला सभ्य वाटत नाही. पण ती तशी आहे हे धरून बंदोबस्त करावा.

बंदोबस्त सोपा आहे, फक्त तो आडजागी ठेवलेला आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे आणि पानाच्या अगदी तळाशी जाऊन ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ उलगडावे. तिथे तीन चौकोन असतात: अपडेटनंतर स्वागताचे पान दाखवणे, संगणकाची मांडणी पूर्ण करण्याबाबत सूचना देणे, आणि वापराविषयी टिपा व सल्ले देणे. तिन्हींवरची खूण काढावी. ही निवड प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यापुरतीच असते, त्यामुळे एकाच संगणकावर तीन खाती असतील तर तिन्हींमध्ये जाऊन ती वेगवेगळी करावी लागते. घरातल्या एकाचा त्रास थांबतो आणि दुसऱ्याचा चालूच राहतो, त्याचे कारण हेच.

ब्राउझर आणि पीडीएफ

वरचा पडदा बंद करूनही ब्राउझर किंवा पीडीएफ वाचक बदलत असेल, तर त्यामागची यंत्रणा समजून घ्यावी लागेल. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची ही निवड विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, लिहून ठेवते आणि विंडोज ८ पासून तिच्याजवळ एक पडताळणीची खूणही लिहिते. निवड वापरकर्त्याने स्वतः विंडोजच्या पानावरून केली असेल तरच ही खूण जुळते. एखाद्या प्रोग्रॅमने ‘मला मुख्य करा’ म्हणून रजिस्ट्रीत परस्पर हात घातला की खूण जुळत नाही, विंडोज ती निवड अविश्वसनीय ठरवते आणि त्या फायली पुन्हा स्वतःच्या मूळ प्रोग्रॅमकडे, म्हणजे बहुधा एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरकडे, सोपवते. अशा वेळी कोपऱ्यात एक छोटी सूचना येऊन जाते, तीत एखाद्या अ‍ॅपमुळे अडचण आल्याने निवड मूळपदावर नेल्याचे लिहिलेले असते, आणि ती आपल्या नजरेतून सुटते.

म्हणून निवड प्रोग्रॅमच्या आतल्या बटणावर सोडू नये. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ आणि मग ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ येथे जाऊन आपला ब्राउझर शोधावा आणि त्याच्या पानावरचे ‘सेट डिफॉल्ट’ हे बटण दाबावे. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या महिन्यांत हे बटण नव्हते आणि प्रत्येक फाइल-प्रकार एकेक करून निवडावा लागत असे. गदारोळ झाल्यानंतर मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये ते आले. मात्र हे एक बटण वेबपानांपुरते आहे, पीडीएफसाठी त्याच पानावर खाली जाऊन पीडीएफचा प्रकार वेगळा निवडावा. निवड करून झाल्यावर स्वतःला ‘मुख्य’ करण्याचा सारखा आग्रह धरणाऱ्या प्रोग्रॅमच्या आतल्या सेटिंग्जमध्ये तो आग्रहही बंद करावा, कारण दोन पीडीएफ वाचक एकमेकांवर कुरघोडी करत असतील तर विंडोजवर राग काढून काही होणार नाही.

एका गोष्टीत मात्र आपल्या हाती फारसे नाही. विजेट्समधल्या बातम्या किंवा स्टार्टमधून वेबवर केलेला शोध हे आपण निवडलेला ब्राउझर डावलून एजमध्येच उघडतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रात कायद्यामुळे त्याला अपवाद करावा लागला आहे. तेव्हा केवळ याच दोन ठिकाणांहून एज उघडत असेल तर आपली निवड शाबूत आहे असे समजावे आणि तिच्या मागे लागू नये.

डेस्कटॉपवरच्या फायली जागेवर नाहीत

सर्वांत घाबरवणारी तक्रार ही. आणि इथे घाबरून केलेली चूक मूळ समस्येपेक्षा महाग पडते, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबू.

वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप चालू झाला की तो नावाप्रमाणे केवळ प्रत काढत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांची जागाच तो बदलतो. ती आता वनड्राइव्हच्या फोल्डराच्या आत जातात आणि तिथून इंटरनेटवरच्या साठ्याशी जुळवली जातात. फायली दिसायला जागेवरच असतात, पण त्यांचा पत्ता बदललेला असतो. परिणामी जुन्या पत्त्यावर फाइल शोधणारे हिशेबाचे प्रोग्रॅम अडखळतात, दुसऱ्या संगणकावरचे डेस्कटॉप इथल्या डेस्कटॉपवर येऊन मिसळते, आणि मोफत मिळणारी ५ जीबी जागा लवकरच भरून जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात.

मग वापरकर्ता वैतागून बॅकअप थांबवतो, आणि डेस्कटॉप रिकामे होते. इथेच काळजाचा ठोका चुकतो. प्रत्यक्षात काहीही गेलेले नसते. बॅकअप थांबवल्यावर विंडोज जुना, रिकामा डेस्कटॉप फोल्डर पुन्हा वापरू लागते आणि फायली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरात राहतात. रिकाम्या डेस्कटॉपवर पुष्कळदा त्या जागेकडे नेणारा एक शॉर्टकटही ठेवलेला असतो. या टप्प्यावर वनड्राइव्हच्या फोल्डरातले काहीही डिलीट करू नये, कारण तिथे पुसलेली फाइल इंटरनेटवरच्या साठ्यातूनही पुसली जाते. आधी फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडे वनड्राइव्ह उघडावे, त्यातल्या डेस्कटॉपमधील सर्व फायली निवडाव्यात, त्या संगणकावर पूर्णपणे उतरवून घ्याव्यात (राइट-क्लिक करून त्या नेहमी याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडल्यास ढगाच्या खुणेऐवजी भरीव हिरवी खूण दिसू लागते), आणि मगच त्या खऱ्या डेस्कटॉपवर कॉपी कराव्यात. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्ससाठी हेच पुन्हा करावे. कॉपी झालेल्या फायली उघडून पाहिल्यावर, दोन-चार दिवसांनी, जुन्या काढायच्या असतील तर काढाव्यात.

बॅकअप थांबवण्याची जागा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नसून वनड्राइव्हच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये आहे. टास्कबारच्या उजव्या टोकाला असलेल्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंग्ज उघडावी आणि ‘सिंक अँड बॅकअप’ या भागात ‘मॅनेज बॅकअप’ येथे तिन्ही फोल्डर बंद करावेत. इतके करूनही महिन्याभराने बॅकअप पुन्हा चालू झालेला आढळला, तर वरचा निळ्या बटणाचा पडदा बंद केला आहे ना, हे आधी तपासावे. ज्याला बॅकअप हवाच आहे त्याने अर्थात तो ठेवावा. सोय वाईट नाही, तिची ओळख करून देण्याची रीत वाईट आहे.

प्रिंटर

दर वेळी वेगळ्या प्रिंटरकडे प्रिंट जाणे हा तर बिघाडच नाही. विंडोज १० च्या काळापासून एक सोय आहे: मुख्य प्रिंटर कोणता हे विंडोजने ठरवावे, आणि ते ठरवताना सर्वांत शेवटी वापरलेला प्रिंटर धरावा. आपण एकदा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले की पुढची प्रिंट पीडीएफकडेच जायला निघते. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ येथे ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बंद करावे, आणि मग हव्या त्या प्रिंटरच्या पानावर जाऊन त्याला मुख्य ठरवावे. क्रम महत्त्वाचा आहे.

कीबोर्ड आपोआप बदलणे

दोन लिप्यांत टाइप करणाऱ्यांची ही खास डोकेदुखी. मराठी फोनेटिक किंवा इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी असे दोनच कीबोर्ड ठेवलेले असतात, आणि काही दिवसांनी यादीत तिसरा, कधी चौथा कीबोर्ड उगवतो. काढला तरी परत येतो. त्याची कारणे साधारण तीन. पहिले, एकच मायक्रोसॉफ्ट खाते दोन संगणकांवर वापरले जात असेल तर भाषांच्या पसंती एकमेकांशी जुळवल्या जातात आणि एका संगणकावरचा कीबोर्ड दुसऱ्यावर अवतरतो. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘विंडोज बॅकअप’ येथे पसंती लक्षात ठेवण्याच्या पर्यायातून भाषेचा भाग वगळावा. दुसरे, साइन-इनच्या पडद्याची भाषा-यादी आपल्या खात्याच्या यादीहून वेगळी असते. ‘टाइम अँड लँग्वेज’ मधील ‘लँग्वेज अँड रीजन’ येथून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ उघडून, आपली यादी आधी स्वच्छ करून, ती स्वागताच्या पडद्यावर व नव्या खात्यांवर कॉपी करण्याची सोय वापरावी. तिसरे कारण रिमोट डेस्कटॉप: दुरून जोडलेल्या संगणकाचा कीबोर्ड इकडे पाहुणा म्हणून येतो. यादीत नसलेला कीबोर्ड टास्कबारवर मात्र दिसत असेल, तर तो मुद्दाम यादीत जोडावा आणि मग काढावा. उपाय विचित्र वाटला तरी बहुधा लागू पडतो.

टाइप करता करता मध्येच लिपी बदलत असेल, तर आल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्ट ही जोडी नकळत दाबली जात असते. ‘टायपिंग’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ येथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ मध्ये जाऊन त्या जोड्या काढून टाकाव्यात आणि बदलासाठी केवळ विंडोज-स्पेस ही जोडी वापरावी. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याचा चौकोन आहे. तो चालू असल्यास एका खिडकीत मराठी आणि दुसरीत इंग्रजी राहते, आणि ज्याला हे ठाऊक नसते त्याला कीबोर्ड भुताटकीने बदलल्यासारखा वाटतो.

टास्कबार, स्टार्ट आणि राइट-क्लिक

यांच्याविषयी थोडक्यात, कारण ही सेटिंग्ज एकदा लावली की सहसा टिकतात. टास्कबारवरची चिन्हे डावीकडे आणणे, खिडक्यांची नावे दिसू देणे (२०२३ मध्ये ही सोय परत आली) आणि विजेट्स, सर्च वगैरे चिन्हे लपवणे हे सर्व ‘पर्सनलायझेशन’मधील ‘टास्कबार’ या एकाच पानावर आहे. स्टार्टमधल्या ‘रेकमेंडेड’ भागातील फायली बंद करताना एक खाच लक्षात ठेवावी: बऱ्याच आवृत्त्यांत तो पर्याय बंद केला की फाइल एक्स्प्लोररमधल्या अलीकडच्या फायली आणि टास्कबारच्या चिन्हावर राइट-क्लिक केल्यावर येणारी फायलींची यादी हेदेखील रिकामे होते, आणि मग त्याची वेगळी तक्रार सुरू होते. राइट-क्लिकची जुनी पूर्ण यादी शिफ्ट दाबून राइट-क्लिक केल्यास थेट येते. कापणे, नाव बदलणे, डिलीट करणे यांची नावे जुन्या जागेवर न दिसण्याचे कारण म्हणजे ती यादीच्या एका टोकाला आडव्या चिन्हांत गेली आहेत. नाव बदलण्यासाठी एफ-२ आणि फाइलचा पत्ता कॉपी करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-सी या कळा लक्षात ठेवल्या तर त्या यादीकडे जायची गरजच पुष्कळशी कमी होते.

जुना चेहरा परत आणून देणाऱ्या बाहेरच्या साधनांबद्दल मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ‘वारंवार’ उद्भवणाऱ्या समस्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. विंडोज ११ चा टास्कबार नव्याने लिहिला गेला आणि त्यामुळे जुन्यातल्या कित्येक सोयी त्यात आल्याच नाहीत. ही उणीव भरून काढणारी साधने प्रणालीच्या आतल्या, अधिकृतपणे खुल्या नसलेल्या भागांना हात घालतात, आणि तो भाग अपडेटमध्ये बदलला की ती कोसळतात, सोबत टास्कबारलाही घेऊन कोसळतात. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी आलेल्या केबी ५०२२९१३ या अपडेटनंतर एक्सप्लोररपॅचर व स्टार्टऑलबॅक यांसारखी साधने असलेल्या संगणकांवर एक्स्प्लोरर पुन्हा पुन्हा कोसळण्याचे प्रकार घडले आणि मायक्रोसॉफ्टने अपडेटपूर्वी अशी साधने काढावीत असे जाहीर केले. साधने वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही; त्यांचे निर्माते बहुधा लगेच दुरुस्ती आणतात. पण ज्याला दर महिन्याला ती अद्ययावत ठेवणे जमणार नाही त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. विंडोज ८ मधून काढलेले स्टार्ट बटण ८.१ मध्ये १७ ऑक्टोबर २०१३ रोजी परत आले होते, आणि ११ मध्येही टास्कबारवर फाइल ओढून सोडणे २०२२ साली परत आले. गेलेली प्रत्येक सोय परत येते असे नाही, पण काही येतात, हे धीर धरायला पुरेसे आहे.

अशा साधनामुळे पडदा लुकलुकत असेल आणि टास्कबारच दिसत नसेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातून ‘रन न्यू टास्क’ निवडून कंट्रोल हा इंग्रजी शब्द लिहावा, आणि उघडलेल्या कंट्रोल पॅनेलमधून ते साधन काढून टाकावे.

तरीही जमत नसेल तर

टास्कबार गोठला असेल, चिन्हे उमटत नसतील, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्स्प्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट टास्क’ करावे. उघडलेल्या कामाला धक्का न लागता मांडणी पुन्हा उभी राहते. त्यानंतरही सेटिंग्ज टिकत नसतील तर एक नवे स्थानिक खाते तयार करून त्यात दोन दिवस काम करून पाहावे. तिथे सगळे टिकत असेल तर दोष जुन्या प्रोफाइलचा आहे आणि फायली नव्या खात्यात हलवणे हा सरळ मार्ग आहे. तिथेही टिकत नसेल तर दोष प्रणालीचा. मग ‘सिस्टीम’मधील ‘रिकव्हरी’ येथे विंडोज अपडेटच्या साहाय्याने अडचणी सोडवण्याचा पर्याय वापरावा; त्यात आहे तीच आवृत्ती पुन्हा बसते आणि प्रोग्रॅम, फायली व सेटिंग्ज जागेवर राहतात. वेळ पुष्कळ लागतो, म्हणून रात्री चार्जर लावून सुरू करावे.

आणि बिघाड खरोखरच एखाद्या अपडेटचा असल्याचे रिलायबिलिटीच्या रकान्यांवरून ठरले असेल, तर ‘अपडेट हिस्टरी’च्या तळाशी असलेल्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ मधून तेवढेच अपडेट काढावे आणि ते लगेच पुन्हा बसू नये म्हणून अपडेट्स काही आठवड्यांसाठी थांबवून ठेवावीत. या थांबवण्याला पाच आठवड्यांची मर्यादा आहे, तोवर बहुधा पुढच्या महिन्याची दुरुस्ती येऊन पोहोचते. वार्षिक मोठ्या आवृत्तीचे गणित थोडे वेगळे आहे. आधीच्या आवृत्तीकडे परतण्याचे ‘गो बॅक’ हे बटण साधारणपणे १० दिवसच चालते, त्यानंतर जुनी प्रणाली ठेवलेले ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर आपोआप काढून टाकले जाते. डिस्कवर जागा करण्यासाठी ते आपणच आधी पुसले तर ती मुदतही उरत नाही. म्हणून मोठी आवृत्ती बसल्यावर नेहमीचे सगळे प्रोग्रॅम, प्रिंटर आणि दोन्ही कीबोर्ड पहिल्याच आठवड्यात एकदा वापरून पाहावेत.